घरधन्याचे पाय

घरधनी सुवेचा अंगणात दोन्ही हात फैलावून उभा होता. घरांची मापं ठरवून ती बांधणारे म्हातारे उंदागी पेकाक देर्मा या हाताच्या बोटापासून त्या हाताच्या बोटापर्यंत बांबू धरून खुणा करत होते. नव्या स्वयंपाकघराचं माप चाललं होतं. या घरात चूल कशी पेटवतात हे ठाऊक नसलेला सुवेचा एकटाच, म्हणून माप त्याचं.

त्याची बायको सुलास्त्री कपाळावरचं टेंगूळ चोळत बघत होती. वाळवीनं खाल्लेलं जुनं स्वयंपाकघर सासऱ्याच्या मापाचं, आणि सासरा बुटका. सुवेचा बापावर गेलेला. सुलास्त्री नवऱ्यापेक्षा चांगली वीतभर उंच. तुळया चुकवत, मान खाली घालून तिनं तिथं आजवर भात शिजवला, आणि लोक म्हणाले, सून किती नम्र.

या खेपेला माप माझं घ्या, असं तिनं सकाळीच सांगितलं होतं. पेकाकनी तिला मायेनं समजावलं. घर म्हणजे घरधन्याचं अंग. देवघर हे डोकं, झोपायच्या ओवऱ्या हात, अंगण बेंबी आणि स्वयंपाकघर पाय. दुसऱ्याच्या मापाचे पाय लावले तर घरात जीव कसा उतरेल?

"म्हणजे ते यांचे पाय," सुलास्त्री म्हणाली. "स्वतःचेच पाय, आणि हा माणूस एकदाही तिकडे फिरकला नाही."

पेकाकच्या हाताखालचे सुतार खाली बघून हसले. सुवेचाला हात खाली घेता येत नव्हते, माप बिघडलं असतं. उडायच्या बेतात असलेल्या बगळ्यासारखा उभा राहूनच त्यानं सगळ्यांना बजावलं, की रीत ती रीत, आणि बाईच्या टाळक्यासाठी कुणी ती मोडत नाही.

"आणि तसंही," तो म्हणाला, "तिला वाकायची सवय आहे."

कणगीच्या सावलीत सासू नैवेद्यासाठी ताडपत्राच्या परड्या विणत होती. कमरेत दुमडलेली म्हातारी. चालताना तिला फक्त जमीन दिसायची. वय झालं, असं गाव म्हणायचं. ती उठली, सगळं अंगण ओलांडून आली आणि पेकाकच्या पायांकडे बघत बोलली.

"हिचं माप घ्या, देर्मा. या घरात आले तेव्हा मी हिच्याहून उंच होते."

जुनं स्वयंपाकघर पेकाकनीच बांधलं होतं. खुणा केलेला बांबू त्यांनी भिंतीला टेकवला आणि कोरा मागून घेतला. हात खाली घेऊ का, असं सुवेचानं विचारलं.

सुलास्त्री पुढे आली. पेकाकनी आधी उंची घ्यायला बांबू तिच्या शेजारी उभा धरला, वर पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"ताठ उभी राहा, पोरी."

"ताठच उभी आहे," सुलास्त्री म्हणाली.