पहिली फाइल

पडद्यावर 'प्रलंबित'पुढचा आकडा सत्तेचाळीस झाला. 'पूर्ण'पुढं सकाळपासून शून्यच होतं.

दत्तरावांनी कॉम्प्युटर तिसऱ्यांदा बंद करून चालू केला. प्रोग्राम उघडला, गोल चक्र फिरू लागलं, फिरतच राहिलं. गंगाखेडच्या या लॅबमध्ये त्यांची एकतीस वर्षं रजिस्टर भरण्यात गेली होती. कॉम्प्युटर त्यांचा मदतनीस हरिओम बघायचा. तो मेव्हण्याच्या लग्नाला देवगाव फाट्याला गेलेला. आज पहिल्यांदाच सगळं एकट्या दत्तरावांच्या हाती होतं.

"सायेब, चंदाचा कागद निगाला का?"

खिडकीत म्हाळसाबाई पुन्हा उभी होती. मेंढरं शेजारणीच्या हवाली करून ती तापानं फणफणलेल्या लेकीला राणीसावरगावहून घेऊन आली होती. लेकीला नववा महिना.

"निघतोय, मावशी. बसा जरा."

"मगाशी बी हेच म्हनलात. डाक्टर वर वाट बगायलेत. प्लेटलेट कमी असल्या तर आताच परभनीला न्या म्हनायलेत. कागद बगितल्याबिगर सांगंनात."

मशीननं रक्त केव्हाच मोजलं होतं. पण मशीनला कळतो फक्त नळीवरचा नंबर. त्याला नाव जोडून रिपोर्ट काढायचं काम प्रोग्रामचं. मशीनवर बघून आकडा तोंडीच सांगावा, असं दत्तरावांच्या मनात येऊन गेलं. पण नंबर वाचण्यात चूक झाली तर? दहा आकडी नंबर, आणि आपले डोळे हे असे. त्यांनी प्रोग्रामच्या कंपनीला पुन्हा फोन लावला.

या वेळी प्रियांका नावाची मुलगी बोलली. "काका, मशीनकडून फायली येतायत ना? मग ते फोल्डर उघडा. सगळ्यात आधी आलेली फाइल कोणती?"

दत्तरावांनी यादी वर सरकवली. पहिलं नाव वाचलं आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"काका?"

"श्री," ते हळूच म्हणाले.

"पेशंटचं नको, फाइलचं नाव सांगा."

"फाइलचंच आहे. आत काही नाही. सकाळी मीच केली." "रजिस्टरचं पान आम्ही श्री लिहूनच सुरू करतो. इथं पान नव्हतं, म्हणून..."

पलीकडं कीबोर्डची टकटक झाली.

"काका, प्रोग्राम आलेल्या क्रमानं फायली वाचतो. एक वाचून झाल्याशिवाय दुसरी घेत नाही. सकाळपासून तो तेवढंच वाचत बसलाय. काढून टाका ती."

दत्तरावांनी बाण श्रीवर नेला. बोट थांबलं. एकतीस वर्षांत त्या अक्षरावर त्यांनी कधी काट मारली नव्हती. खिडकीच्या गजावर म्हाळसाबाईच्या बांगड्या वाजल्या.

त्यांनी चपलांतून पाय बाहेर काढले आणि बटण दाबलं.

शेहेचाळीस. पंचेचाळीस. प्रिंटर खडखडू लागला. नववा कागद चंदाचा होता. प्लेटलेट एकोणतीस हजार. कागद घेऊन ते स्वतःच जिना चढले. डॉक्टरांनी एकदा पाहिलं आणि गाडी काढायला सांगितली.

चंदाला गाडीत निजवलं. म्हाळसाबाई मागोमाग चढली, दार लावता लावता थांबली.

"सायेब, तुमाला कळतंय म्हनून इचारते. लय उशीर तर न्हाई ना झाला?"

तेवढ्यात गाडी हलली.

परभणीच्या रस्त्याला लागून ती दिसेनाशी झाली, तरी दत्तराव तिथंच उभे होते. बऱ्याच वेळानं त्यांना डांबराचा चटका जाणवला. त्यांनी खाली पाहिलं. पाय अनवाणीच होते.