पानही न खाणारी

मुलीचं नाव अपर्णा ठेवायचं सुचवलं तिच्या आत्याने, आणि अर्थही तिनेच सांगितला. "देवीचं नाव आहे. तपाला बसली तेव्हा झाडाचं पानसुद्धा तोंडात घातलं नाही तिने."

"म्हणजे हिला भरवताना आपली दमछाक होणार!" बाप हसला. आईही हसली.

त्याच दिवसापासून अपर्णाने दूध सोडलं. आईने जवळ घेतलं की तोंड फिरवायची. चमच्याने पाजलेलं ओठांवरून ओघळून जायचं. रडणं मात्र नाही.

"अहो, बाळ तर छान बाळसं धरतंय," डॉक्टर वजनकाट्याकडे बघत म्हणाले. "तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेता."

आई रोपं विकायची, त्यामुळे घर कुंड्यांनी भरलेलं. आधी पाळण्याजवळच्या मनीप्लांटची पानं गळली, तीही हिरवीगार असताना. कीड म्हणावी, तर एकाही पानाला भोक नव्हतं. मग खिडकीतली जास्वंद ओकीबोकी झाली, मग दाराजवळचा क्रोटन. शेवटी तिने उरल्यासुरल्या कुंड्या बाहेर काढल्या. घरात औषधालाही हिरवं पान ठेवलं नाही.

"आता बघू," म्हणत ती भर दुपारी पाळण्यापाशी बसली. मुलगी तिच्याकडे टक लावून बघत होती.

बघता बघता आईने अंबाडा सोडला आणि केसांतून कंगवा फिरवला. कंगव्याबरोबर अख्खी बट हातात आली. काळीभोर, मुळासकट.

पाळण्यात अपर्णाने तृप्तीचा ढेकर दिला.