मागचा दिवा

टेंभुर्णीच्या बाजारात भुजंगच्या पिकअपचा फ्यूज तिसऱ्यांदा उडाला, तेव्हा त्याचं डोकं सणकलं. मागचा लाल दिवा लावला की फ्यूज गेलाच. बिनदिव्याची गाडी पोलीस पुढं जाऊ देणार न्हाईत, अन् कापूस तर आजच जालन्याला पोचवायचा होता.

"भुजंगभाऊ, मागं जाणारी तार कापसाखाली कुठंतरी सोललीय," महेमूद मिस्त्री म्हणाला. "माल उतरवा, मंग बघतो."

"फ्यूज तुझे हलके, अन् माल मी उतरवू?"

भुजंगनं सिगारेटच्या पाकिटातली चांदी फ्यूजवर गुंडाळून पाहिली. तीही जळाली. शेवटी वैतागून त्यानं फ्यूजच काढून टाकला आणि त्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवली. दिवा बराबर लागला.

जालन्याच्या रस्त्याला दिवस मावळला, तरी भुजंगचं महेमूदला शिव्या घालणं चालूच होतं. शेजारी बसलेली त्याची बायको गोजरबाई सारखी बाजूच्या आरशात बघत होती.

"अवं, मागं लाल लाल दिसून राह्यलंय."

"दिसणारच. दोन महिन्यांत आज पहिल्यांदा दिवा टिकलाय."

"पर आपल्या गाडीला मागं दिवे किती?"

"एकच. डावीकडचा मागल्या साली फुटला, तुला ठावं न्हाई का? गप बस आता."

गोजरबाईनं वाकून पुन्हा आरशात पाहिलं.

"मंग दोन्हीकडच्या बाभळी कशानं उजळल्या?"