पंचविसावी विहीर

कठड्यावर 'पाणी पिण्यास अयोग्य' ही लाल अक्षरं रंगवून होईपर्यंत पालिकेचे अभियंता कानडे मान वर न करता उभे होते.

शहरातल्या विहिरींच्या सफाईला सरकारी निधी हवा, तर निदान पंचवीस विहिरी दूषित दाखवायच्या होत्या. भरल्या चोवीसच. टँकर आठवड्यातून एकदा येत होता, लोक घायकुतीला आले होते. या बोळातल्या विहिरीचं पाणी पहिल्या तपासणीत शुद्ध ठरलं होतं. दुसऱ्या वेळी कानड्यांनी नमुन्याच्या बाटलीत नाल्यातलं पाणी भरून पाठवलं. चोवीस विहिरींचं भलं होत असेल, तर एकीनं सफाई होईपर्यंत चार महिने सोसायला काय हरकत आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

समोरच्या दारातून हौसाबाई आल्या. त्या भांडतील, हे कानडे धरूनच आले होते. पण त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, कवापासनं खराब असंल हो हे पाणी?"

"नक्की सांगता येत नाही, मावशी."

"दोन सालामागं माझी नात जुलाबानं गेली. डॉक्टर म्हणत होते, पाणी उकळून पाजा. मी म्हणलं, आमच्या विहिरीला काय धाड भरलीय? ह्याच हातानं पाजत राहिले."

कानड्यांनी खिसा चाचपला. खिशात निधीच्या मंजुरीचं पत्र होतं.

हौसाबाईंनी दोन्ही हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. "बरं झालं, तुम्ही सांगितलंत. मी आपली उगंच देवाला बोल लावीत होते."