चार्वाकाचं दर्शन

“देव न्हाई म्हननाऱ्यांच्या नादी लागू नको,” नगरला निघताना मिरजगावच्या स्टँडवर आईने चांगुणाला बजावलं होतं. आज आई नगरच्या कॉलेजात फॉर्मवर पालकांचा अंगठा द्यायला आली होती. चांगुणाने बीएसाठी निवडलेले तत्त्वज्ञानाचे विषय वाचून दाखवले: तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, चार्वाक दर्शन. “चारवाक? कुठला का देव असंना, दर्शन घ्यावं!” आईने हात जोडले. गप्प राहिलं तर अंगठा मिळत होता. पण एकादशीचा उपास धरून लबाडी कशी करावी? “दर्शन म्हणजे विचार, आई. चार्वाक तर ‘देव नाही’ म्हणतो.” आई हसली. “दुष्काळ पडल्यापास्नं तुजे आप्पा रोज त्येच म्हनत्यात. म्हनून म्या सोडलं व्हय त्येंना? पर त्येंना काय उत्तर द्यावं, सुचत न्हाई. नीट शीक आन मला सांग.” “सांगेन.” अंगठा उमटला. चांगुणाचा जीव भांड्यात पडला. फॉर्म देऊन ती आईसाठी उत्तर शोधायला ग्रंथालयाकडे निघाली.