पाण्यापासून पंच्याहत्तर फूट

ऑरिनने खुर्ची मागे सारली आणि तो उठला. "या अर्जाच्या सुनावणीला मी बसणार नाही," तो म्हणाला. "जागा माझ्या घराला लागून आहे." सभेची लाकडी हातोडी त्याने उपाध्यक्ष मार्लिसपुढे सरकवली आणि अगदी मागच्या बाकावर जाऊन बसला.

बांधकामाच्या अर्जांवर निकाल देणाऱ्या या मंडळाला हा शिरस्ता त्यानेच घालून दिला होता. ज्याचा संबंध आहे त्याने उठायचं, आणि निकाल लागेपर्यंत त्या विषयावर तोंडातून ब्र काढायचा नाही. सभेत नाही, आणि नंतर कॉफी पिताना तर नाहीच. खरं तर कायदा शेजारी म्हणून चार शब्द बोलू देतो. पण इतकी वर्षं अध्यक्ष असलेला माणूस मागून बोलला, तरी ते पुढच्यांच्या मानगुटीवर बसतं, असं ऑरिनचं म्हणणं. मिनेसोटातल्या या कोपऱ्यात माणसं तशीही मोजकंच बोलतात. ऑरिन त्यांच्यातही घुमा.

मार्लिसने अर्ज वाचून दाखवला. अर्जदार केल्सी आणि टाय हालवर्सन. तरुण जोडपं. केल्सी शाळेत शिकवायची, टाय बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. टायच्या आजोबांकडून आलेला तळ्याकाठचा तुकडा, त्यावर त्यांना लहानसं घर बांधायचं होतं. घर पाण्यापासून पंच्याहत्तर फूट मागे हवं, हा नियम. ते पन्नास फुटांवर बांधायची सवलत मागत होते, कारण मागे सरकायला जागाच नव्हती. पूर्वी जिल्ह्याने रस्ता रुंद केला, तेव्हा तुकड्याची पाठच कापली गेली होती. आता नियमाप्रमाणे उरत होती ती जेमतेम गॅरेजपुरती पट्टी.

"अडचण काही यांनी ओढवून घेतलेली नाही," मंडळाचा सदस्य ड्वाइट म्हणाला. "मला तर सवलत द्यावीशी वाटते."

तिसरा सदस्य लोवेल. तो मार्लिसकडे बघत राहिला. हात वर करायच्या आधी तो नेहमी तिच्याकडेच बघायचा.

अर्ज चोख आहे हे मार्लिसलाही कळत होतं. दुसऱ्या कोणाच्या शेजारचा असता तर तिने एव्हाना हातोडी आपटून पुढचा विषय घेतला असता. पण तिचं सगळं लक्ष मागच्या बाकाकडे होतं.

ऑरिनची बायको आयोनी गेल्या पानगळीत वारली. तेव्हापासून त्याच्या मुलीने ॲरिझोनाहून धोशा लावला होता, घर विका आणि माझ्याकडे या. तो हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. मार्लिसने याची धास्तीच घेतली होती. ती एकटी राहणारी बाई. ऑरिन गेला तर त्या तळ्यावर आपलं म्हणावं असं तिला कोणी उरणार नव्हतं. दर आठवड्याला ती त्याच्याकडे बटाट्याचं हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेलं एकाच भांड्यातलं जेवण, घेऊन जायची. तो ते गरम करायचा, दोघं खायची, बोलणं फारसं व्हायचं नाही. तिला तेवढं पुरायचं.

गेल्या आठवड्यात मंडळ जागा बघायला गेलं होतं. घराचे कोपरे जिथे येणार तिथे टायने खुंट्या ठोकून नारिंगी फिती बांधल्या होत्या. पुढची खुंटी ऑरिनच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच आली होती. आयोनी त्याच खिडकीत बसून तळं बघायची. ऑरिन पायरीवर उभा राहून बराच वेळ त्या फितीकडे पाहत होता. मग कोणाला हातही न करता आत निघून गेला.

मार्लिसला पुढचं सगळं दिसू लागलं होतं. उद्या आयोनीच्या खिडकीसमोर परकी भिंत, धक्क्यावर मोटारबोट, पोरांचा कालवा. हा माणूस गाशा गुंडाळणार, हे तिने तिथेच ठरवून टाकलं होतं.

"इथे नाही जमलं तर काय कराल?" ड्वाइटने विचारलं.

केल्सीने पोटावरचा हात काढला नाही. "विकून टाकू. गावात भाड्याने राहू. पण बाळाने तळ्यावर वाढावं अशी फार इच्छा होती आमची."

मार्लिसने मन घट्ट केलं. परिसराचं रूप पालटू नये, हीसुद्धा नियमातली अट आहे, ती म्हणाली. तळ्याचा तो कोपरा आजवर शांत राहिला आहे. एकदा घर पुढे आलं की दुसरा मागेल, तिसरा मागेल. बोलताना ती कागदांकडेच बघत होती. लोवेलने मान हलवली. ड्वाइट एकटा पडला. अर्ज नामंजूर झाला.

"ठीक आहे," केल्सी म्हणाली. "वेळ दिलात, आभारी आहोत." तिचे डोळे भरून आले होते. मार्लिसला त्या पोरीचं फार वाईट वाटलं, पण आपण एक माणूस राखला याचं समाधान त्याहून मोठं होतं. कॉफीबरोबर ठेवलेली लिंबाची वडी न घेताच ऑरिन निघून गेला होता.

उन्हं कलायच्या आत ती त्याच्याकडे पोचली. तो पायरीवर बसला होता.

"झालं काम," ती शेजारी टेकत म्हणाली. "आता तुझ्या बाजूला कोणी येत नाही. राहा निवांत."

"नियमाला धरून केलंत ना?"

"हो." तिला तो शब्द जड गेला. "विषय संपला, ऑरिन. आता तुला बोलायला हरकत नाही."

तो मोकळ्या जागेकडे बघत राहिला. "हिवाळ्यात इथे कुठेच दिवा दिसत नाही," तो म्हणाला. "आयोनी होती तोवर लक्षातसुद्धा आलं नव्हतं."

खुंट्यांवरच्या नारिंगी फिती अजून तशाच होत्या.

"सकाळी मुलीला फोन केला होता. तिला सांगितलं, त्या पोरांना परवानगी मिळाली तर मी येत नाही."