तिकोनी वावर

अमीनसाहेबांनी टाक दौतीत बुडवला. एकदा वाटणीच्या कागदावर छबुबाईचा अंगठा उठला की संपलं. नवरा जाऊन चार महिने झालेले, कडेवर दोन वर्षांचा लेक, आणि त्याच्या पोटाला एवढं एकच तिकोनी वावर.

वाटे थोरल्या दिरानं, बंकटरावानं पाडले होते. वर ओढ्याकडं वावराचं टोक. तिथून दोन बांध फाकत खाली गाडीवाटेपर्यंत आलेले. दोन्ही बांधांच्या बरोब्बर मधोमध त्यानं दगड रोवले आणि दगडापासून दगडापर्यंत दोरी ताणली.

"ह्यो बांध निम्मा, त्यो बांध निम्मा. म्हंजी वावर निम्मं!" बंकटराव म्हणाला.

पाटोद्याहून मोजणीला आलेले अमीनसाहेब उन्हानं कावले होते. पंचांनी माना डोलावल्या. चांगली शहाणीसुरती माणसं, पण एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही बघा.

छबुबाईच्या पडला होता. तिचा जन्म गोधड्या शिवण्यात गेलेला. तिकोनी ठिगळाचे तिन्ही कोपरे आत दुमडले की एका सरळ ओळीत बसतात, हे तिच्या बोटांना पाठ होतं. आणि तिन्ही कडांचे मध्य जोडले की चार सारखे तुकडे पडतात. एक वर, तीन खाली. दोरीच्या वरचा तुकडा म्हणजे पाव वावर!

पण बोलायचं कसं? "कागद होताना तोंड उघडलंस तर लेकरासकट घराबाहेर काढीन," असं बंकटरावानं सकाळीच बजावलं होतं.

"वरच्या वाट्यात हीर हाय. ती हिलाच ऱ्हाऊ द्या, मी आपला खालचा घेतो," बंकटराव पंचांकडं बघत, लई मोठ्या मनाचा असल्यागत बोलला. "तसे दोन्ही वाटे सारखेच. कुणाला शंका आसंल तर उचलू द्या तिलाच पहिला!"

"बोला बाई," अमीनसाहेब म्हणाले. "कोणता हिस्सा?"

बंकटरावाचे डोळे तिच्यावर रोखलेले. छबुबाईनं लेकाला इतकं घट्ट धरलं की पोर रडायला लागलं. शेवटी ती जमिनीकडं बघत कशीबशी पुटपुटली,

"खालचा."

"खालचा?" बंकटराव ओरडला. "आन् मी काय पाव हिश्श्यावर मरू?"

अमीनसाहेबांनी टाक खाली ठेवला.

"पाव?" ते म्हणाले. "मग मघाशी निम्मा म्हणालात, तो कुठला?"